फार्न बेटांवरचे सील आणि शंभर वर्षांचे कायदे

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, नॉर्थम्बरलँडसमोर, फार्न ही छोटी खडकाळ बेटे आहेत. दर शरदात करडे सील तिथे विण्यासाठी जमतात आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत असहाय असतात. जन्मतः साधारण 14 किलोचे, पांढऱ्या लोकरीतले पिल्लू आईच्या दाट, चरबीदार दुधावर रोज दोनेक किलोने फुगते. सुमारे 18 दिवसांनी आई त्याला सोडून समुद्रात जाते आणि ते पुढचे काही आठवडे उपाशी किनाऱ्यावर पडून राहते. हातात दांडका असला की शिकार झालीच! तेल-कातड्यासाठी तेच चालत आले होते.

म्हणून 1914चा ब्रिटिश कायदा तारखांवर बेतलेला होता: 1 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर हत्याबंदी. पण वेल्स-कॉर्नवॉलकडची पिल्ले सप्टेंबरातच जन्मतात. 1932 साली मुदत 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर झाली. दरम्यान 1925 मध्ये फार्न बेटे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली होती.

सील वाढले तशी मच्छीमारांची ओरडही वाढली: सीलमुळे सामन माशांची जाळी फाटतात, कॉड माशांमध्ये जंत होतात. 1963 ते 1965 या काळात सरकारी परवान्याने फार्नवर सील मारले गेले, त्यावर लोक खवळले. 1970च्या कायद्याने विणीच्या काळातली बंदी ठेवली, तरी जाळ्याजवळच्या सीलवर गोळी झाडण्याची मुभाही ठेवली.

सगळ्यात अवघड प्रसंग पुढचा. 1972 आणि 1975 मध्ये सील मारले गेले ते बेट वाचवायला. काही बेटांवर मातीचा पातळ थर आहे, त्यात पफिन हे समुद्रपक्षी बिळे करतात. शेकडो जड सील लोळले की झाडोरा मरतो आणि हिवाळ्यात माती वाहून जाते. गर्दीत पिल्ले आईपासून तुटून उपाशी मरतात, ते वेगळेच. मच्छीमारांच्या तक्रारीपेक्षा हा युक्तिवाद खोडणे कठीण होते, असे मला वाटते. पुढे त्याहून सौम्य उपाय निघाला: हंगामाच्या सुरुवातीला रखवालदारांनी मातीच्या बेटांवर वावरायचे, म्हणजे माद्या उघड्या खडकांकडे वळतात.

2018 मध्ये इथे 2,602 पिल्ले मोजली गेली. जाळ्याजवळची मुभा इंग्लंडमध्ये 1 मार्च 2021 रोजी संपली. कारण भूतदया नव्हे, तर मासळीची निर्यात: मासेमारीसाठी सील मारू देणाऱ्या देशांची मासळी अमेरिका अडवणार होती.