फोनला रेंज नाही, तरी सहा आकडे येतात कुठून?

एप्रिल-मे महिन्यांत देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या बागायतदारांचं अर्धं लक्ष झाडावर असतं आणि अर्धं मोबाइलवर. पेट्या ऑनलाइन विकणारे आता गावोगावी आहेत. आंबा संपला की त्याच खात्यांवरून काजूगर, आमसुलं, फणसपोळी, मालवणी मसाला जातो. आणि नेमका ऐन हंगामात अनेकांना एक त्रास सुरू होतो. मागितला नसताना ओटीपी येतो, 'तुमच्या खात्यात लॉग-इनचा प्रयत्न झाला' अशा ईमेल रात्रभर येत राहतात, कधी खातंच काही तासांसाठी बंद पडतं. मग संशय शेजारच्या वाडीतल्या विक्रेत्यावर जातो. वेंगुर्ल्यातल्या माझ्या ओळखीच्या एका काकूंनी तर नजर लागली म्हणून खातं बंदच करायचं ठरवलं होतं.

यामागे नजर नसते, आणि बहुतेक वेळा शेजारीही नसतो. कुठल्या तरी तिसऱ्याच वेबसाइटवरून चोरीला गेलेली ईमेल आणि पासवर्डची यादी हाती घेऊन एक प्रोग्राम दिवसरात्र हजारो खात्यांची दारं वाजवत असतो. २००९ साली 'रॉकयू' या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही कसलंही आवरण नसलेल्या साध्या मजकुरात. त्यांत सर्वाधिक लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. अशा याद्या इंटरनेटवर फिरत राहतात. तुम्ही एखाद्या गाण्यांच्या साइटवर वापरलेला पासवर्ड विक्रीच्या खात्यालाही दिला असेल, तर प्रोग्रामचं काम झालंच. तुम्ही हापूस विकता की शर्ट, हे त्याला ठाऊकही नसतं. खातं उघडलं की मात्र त्यामागचा माणूस जागा होतो, कारण विक्रेत्याच्या खात्यात पैसे कुठल्या बँकेत जमा व्हावेत ते बदलता येतं आणि तुमच्या चांगल्या शेऱ्यांच्या आडून खोटा माल विकता येतो.

न मागता आलेल्या ओटीपीचे दोन अर्थ होतात. ज्या साइटवर नुसता मोबाइल नंबर टाकून लॉग-इन होतं, तिथे त्याचा अर्थ एवढाच की कुणीतरी तुमचा नंबर टाइप केला. तो तर तुमच्या पेटीवरच छापलेला असतो. पण जिथे आधी बरोबर पासवर्ड द्यावा लागतो आणि मगच ओटीपी निघतो, तिथे पासवर्ड फुटला आहे असं समजावं आणि त्याच दिवशी बदलावा. तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदलावा. दर महिन्याला मात्र तो उगाच बदलत बसू नये. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची पद्धत बंद करायला सांगितलं, कारण लोक मग शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होतात.

अंकशास्त्राप्रमाणे 'लाभणारे' आकडे घालून पासवर्ड बनवून देणाऱ्यांपासून लांब राहावं. असे आकडे जन्मतारखेवरून काढतात, आणि जी गोष्ट जन्मतारखेवरून काढता येते ती चोरालाही काढता येते. १०० टक्के हॅकप्रूफ असल्याची जाहिरात करणाऱ्या अ‍ॅपवरही विश्वास ठेवू नये. खात्याची राखण गणित करतं, आणि त्यातलं एक गणित मला इतकं आवडतं की ते सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप तुम्ही पाहिलं असेल. पासवर्डनंतर टाकायचे सहा आकडे त्यात दिसतात आणि दर ३० सेकंदांनी बदलतात. अनेकांना वाटतं की हे आकडे कंपनी इंटरनेटवरून पाठवते. तसं नाही. फोन विमान मोडवर टाकून बघा, आकडे बदलतच राहतील. कोकणात याचं मोल फार आहे. डोंगराच्या कुशीतल्या कितीतरी घरांत वायफाय पोचलं आहे, पण सिमला रेंज नाही. एसएमएसचा ओटीपी तिथे वेळेवर येत नाही. हे आकडे मात्र फोन स्वतःच तयार करतो.

सुरुवातीला तुम्ही जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त किल्ली असते, म्हणजे एक लांबलचक यादृच्छिक संख्या. ती एक प्रत तुमच्या फोनमध्ये राहते आणि दुसरी कंपनीच्या सर्व्हरवर. त्यानंतर लॉग-इनच्या वेळी किल्ली कधीच प्रवास करत नाही. दोघांकडे आणखी एक सामाईक गोष्ट असते, ती म्हणजे घड्याळ. संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून. तेव्हापासून उलटलेल्या सेकंदांना ३० ने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. आलेली संख्या सध्या साडेपाच कोटींच्या वर आहे आणि ती दर अर्ध्या मिनिटाला एकाने वाढते. फोन आणि सर्व्हर आपापल्या जागी बसून ही संख्या काढतात.

आता किल्ली आणि ही संख्या एकत्र करायची. त्यासाठी एचमॅक नावाची रीत आहे. बेलारे, कानेट्टी आणि क्रॉचिक या संगणकशास्त्रज्ञांनी ती १९९६ साली मांडली. तिच्यात एसएचए-१ हे, कुठल्याही माहितीतून ठरावीक लांबीचं उत्तर काढणारं सूत्र दोनदा चालतं, आधी आत आणि मग बाहेरून, दोन्ही वेळा किल्ली मिसळून. ओलं खोबरं, मिरच्या, धणे एकदा पाट्यावर वाटले की वाटणातून खोबरं परत वेगळं काढता येत नाही. इथेही उत्तरावरून किल्लीकडे मागे जाता येत नाही. संख्या नुसत्या एकाने बदलली तरी उत्तर पूर्णपणे वेगळं येतं.

हे उत्तर २० बाइटचं असतं, म्हणजे ० ते २५५ यांच्यातल्या २० संख्या. मूळ मानकातच दिलेलं उदाहरण बघा: ३१, १३४, १५२, १०५, १४, २, २०२, २२, ९७, १३३, ८०, २३९, १२७, २५, २१८, १४२, १४८, ९१, ८५, ९०. माणसाला एवढं टाइप करायला सांगणं शक्य नाही, म्हणून त्यातले सहा आकडे निवडायचे. शेवटची संख्या ९०. तिला १६ ने भागलं की बाकी १० उरते. मग शून्यापासून मोजत दहाव्या जागेपासून चार संख्या उचलायच्या: ८०, २३९, १२७, २५. पहिली १२८ किंवा त्याहून मोठी असती, तर तिच्यातून १२८ वजा केले असते. इथे गरज नाही. आता या चौघींना २५६ च्या पायावरची एकच संख्या समजायचं. ८० ला २५६ च्या घनाने गुणा, २३९ ला २५६ च्या वर्गाने, १२७ ला २५६ ने, आणि त्यांत २५ मिळवा. बेरीज येते १३५७८७२९२१. तिचे शेवटचे सहा आकडे ८७२९२१. हाच कोड. कुठून उचलायचं हे दर वेळी त्या उत्तराचा शेवटचा बाइटच ठरवतो, आणि मला यातली हीच खुबी सर्वांत जास्त भावते.

घड्याळाऐवजी दर नव्या कोडला एकाने वाढणाऱ्या मोजणीवर चालणारी ही रीत २००५ मध्ये आरएफसी ४२२६ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक रीती नोंदवणारे दस्तऐवज) प्रसिद्ध झाली, आणि मोजणीच्या जागी घड्याळ आणणारी २०११ मध्ये आरएफसी ६२३८ म्हणून. जाणकार इथे विचारतील की एसएचए-१ तर २०१७ मध्येच मोडलं. खरं आहे. गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच उत्तर देणाऱ्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइल बनवून दाखवल्या होत्या. पण कोड चोरायला अशी जोडी सापडून भागत नाही. किल्ली माहीत नसताना पुढचं उत्तर सांगता यावं लागतं, आणि ते त्या शोधाने साधत नाही.

अंदाजाने कोड टाकणाऱ्याला एका प्रयत्नात १० लाखांत १ संधी असते. घड्याळांतला किंचित फरक चालवून घेण्यासाठी पुष्कळ साइट मागचा आणि पुढचा कोडही मान्य करतात, तेव्हा १० लाखांत ३. म्हणून काही चुकांनंतर दार बंद होणं आवश्यक असतं. खातं तात्पुरतं बंद पडण्याचा जो त्रास होतो, तो याच बंदोबस्ताचा भाग आहे. चुकीच्या घड्याळाने मात्र तुमचेच कोड नाकारले जातील, त्यामुळे फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप लागेल असं सेटिंग ठेवा.

या गणिताला एक मोठी उणीव आहे. हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर तुम्ही कोड टाकलात, तर पलीकडचा प्रोग्राम ३० सेकंदांच्या आत तोच कोड खऱ्या साइटवर वापरू शकतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये साठवलेल्या किल्लीने लॉग-इन करण्याची सोय, हा त्यावरचा चांगला तोडगा. तिच्यात फोन खाजगी किल्लीने सही करतो, आणि ती किल्ली साइटच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी फोन सहीच करत नाही. तुमच्या विक्रीच्या साइटवर पासकीची सोय असेल तर आधी तीच घ्या. नसेल तर ऑथेंटिकेटर, आणि एसएमएस अगदी शेवटी, कारण तुमच्या नावाचं दुसरं सिम मिळवणाऱ्याला तुमचे सगळे एसएमएस मिळतात.

ज्या ईमेलवर पासवर्ड बदलण्याची लिंक येते, तिला याहून कडक कुलूप हवं. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमची पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाताहेत का, हेही बघून घ्या. आत शिरलेले चोर ही सोय गुपचूप करून ठेवतात. पैसे वळते झालेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. ऑथेंटिकेटर सुरू करताना मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा, आणि नवा फोन घेतलात तर जुना विकण्याआधी किल्ल्या नव्यात हलवा.