डोकेदुखीचे दिवस आणि गोळीचे दिवस

‘पित्त झालंय’ म्हणत आपल्याकडे कित्येक जण वर्षानुवर्षं अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, अंगावर काढतात. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड नकोसा होतो, उलटी झाली की जरा बरं वाटतं. म्हणजे पित्तच, असा निकाल घरातच लागतो. खरं तर मळमळ आणि उलटी ही मायग्रेनचीच लक्षणं आहेत. मग मेडिकलमधून गोळी आणली जाते, ती लागूही पडते आणि पुढच्या वेळी हात आपोआप तिच्याकडे जातो.

हळूहळू डोकं रोजच दुखू लागतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार, तीन महिन्यांहून अधिक काळ दर महिन्याला किमान १५ दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातल्या किमान ८ दिवसांचं दुखणं मायग्रेनचं असेल, तर तो क्रॉनिक, म्हणजे जुनाट, मायग्रेन.

अशा रुग्णाला डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: महिन्यातून किती दिवस गोळी घेता? किती गोळ्या, हे नंतर. साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्याला १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन ही मायग्रेनची खास औषधं, ओपिऑइड (अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामकं) किंवा कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या महिन्याला १० किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं असेल, तर औषधाच्या अतिवापरामुळे होणाऱ्या डोकेदुखीची शंका घ्यावी लागते. हे सहसा ज्यांना मुळातच डोकेदुखीचा आजार आहे त्यांनाच होतं. क्रॉनिक मायग्रेन आणि ही डोकेदुखी, दोन्ही निदानं एकाच माणसात असू शकतात, नव्हे, बऱ्याचदा असतात.

यातलं काहीच एमआरआयमध्ये दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘तुला काही झालेलं नाही’ असं रुग्णाला ऐकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. इथे खरा पुरावा म्हणजे कॅलेंडरवर रोज केलेल्या दोन खुणा, एक दुखण्याची, एक गोळीची. दुखणं क्षणार्धात भयंकर वाढलं, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातली ताकद गेली किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं दुखू लागलं, तर मात्र तपासणीला उशीर नको.

उपचारात अतिवापर झालेली गोळी थांबवतात आणि मायग्रेन रोखणारं औषध सुरू करतात. गोळी सोडल्यावर सुरुवातीला, साधारण दोन ते दहा दिवस, दुखणं वाढतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर माणूस घाबरून पुन्हा तीच गोळी घेतो. ओपिऑइड मात्र एकदम बंद करायचं नसतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावं लागतं.