ओसीडी: एक्स्पोजर थेरपीला गोळीची जोड कशी मिळाली

धुळ्यात, जळगावात उन्हाळ्यात नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. अशा दिवसांत घरातली एक सून हात धुण्यातच ड्रम रिकामा करू लागते, तेव्हा कुठे घरच्यांना शंका येते. तोवर, विशेषतः श्रावणात कानबाईचे रोट असणाऱ्या घरात, 'तिला सोवळं फार' म्हणून कौतुकच झालेलं असतं. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटलेली असते. टॉवेलचीही शंका वाटते म्हणून ती हात हवेत धरून वाळवते. ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच क्रिया परत परत करावी लागणं, हा मनाचा आजार. तो आपल्याकडे असा उशिरा ओळखू येतो आणि रुग्ण डॉक्टरांपर्यंत गेलाच, तर बहुतेकदा हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते. या आजाराचा दुसरा उपचार मात्र गोळ्यांचा नाही. त्याचा आणि गोळीचा संबंध कसा जुळत गेला, ते समजून घेतलं पाहिजे.

१९६० पर्यंत ओसीडी जवळजवळ असाध्यच मानली जाई. मनोविश्लेषणाची वर्षानुवर्षं चालणारी सत्रंही फारशी कामी येत नव्हती. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकिकत छापली. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतरची धुण्याची क्रिया करायचीच नाही, अशी त्यांची रीत होती. त्यासाठी रुग्णाच्या खोलीतला नळसुद्धा बंद ठेवला गेला. मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये रॅकमन, हॉजसन आणि मार्क्स यांनी, पुढे अमेरिकेत एडना फोआ यांनी ही रीत घासूनपुसून घेतली. हीच ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भुसावळच्या एसटी स्टँडवरच्या बाकाला हात लावायचा आणि न धुता त्याच हातांनी शेवभाजी-पोळी खायला बसायचं. पहिल्या दिवशी नाही, पायरीपायरीने. हे ऐकायला सोपं वाटतं, पण करणाऱ्याच्या जिवावर येतं. त्या माणसाच्या धैर्याला घरच्यांनी नावं ठेवू नयेत, एवढं मनापासून सांगावंसं वाटतं.

गोळीची वाट त्याच दशकात वेगळीकडून निघाली. गायगी कंपनीच्या इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधात क्लोरीनचा एक अणू जोडून क्लोमिप्रामिन तयार झालं. त्याने ओसीडीचे विचार कमी होतात, असं स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस नोंदवलं. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली, मागोमाग फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही एसएसआरआय गटातली औषधं आली. दोन्ही उपचार एकत्र दिले तर फायदा दुप्पट व्हावा, हा साहजिक हिशेब. २००५ मध्ये फोआ आणि सहकाऱ्यांनी १२२ रुग्णांवर तो तपासला. नुसत्या क्लोमिप्रामिनने ४२ टक्के, नुसत्या ईआरपीने ६२ टक्के आणि दोन्हींनी ७० टक्के रुग्णांत ठळक फरक पडला, पण ६२ आणि ७० मधलं अंतर पक्कं धरण्याइतकं नव्हतं. उलट बाजूने पाहिलं तर चित्र फारच स्पष्ट होतं. गोळ्या चालू असूनही त्रास उरलेल्या १०० जणांवरच्या २०१३च्या अभ्यासात ईआरपीची जोड मिळालेल्यांपैकी ८० टक्क्यांना गुण आला, रिस्पेरिडोन या दुसऱ्या मानसिक औषधाची जोड मिळालेल्यांपैकी २३ टक्क्यांना.

मधल्या काळात एक वेगळीच कल्पना पुढे आली. एक्स्पोजरने जुनी भीती पुसली जात नाही, मेंदू तिच्या शेजारी नवा धडा शिकतो. मग भीती दाबणारी गोळी देण्यापेक्षा हा धडा पक्का करणारी दिली तर? नजर गेली डी-सायक्लोसेरिनकडे. हे क्षयाचं जुनं औषध. आपल्या भागात औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या रुग्णांच्या घरात त्याच्या २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल पाहायला मिळतात. मेंदूत शिकण्याच्या कामात भाग घेणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरना (पेशींवरच्या संदेश झेलणाऱ्या जागांना) ते मदत करतं. २००२ मध्ये उंदरांत भीती लवकर ओसरलेली दिसली, २००४ मध्ये उंचीची भीती असणाऱ्या माणसांतही. ओसीडीत सत्राआधी थोडासा डोस देऊन पाहिला. सुरुवातीच्या काही सत्रांत गती वाढल्याचं दिसलं, पण शेवटी औषध न घेतलेलेही तिथेच पोचले. मुलांवरच्या मोठ्या अभ्यासात फायदा आढळलाच नाही. शिवाय सत्र फसलं, भीती तशीच राहिली, तर औषधाने तीच घट्ट होऊ शकते, अशीही चिन्हं दिसली. म्हणून हे नेहमीच्या उपचारात आलं नाही. घरात टीबीची कॅप्सूल आहे म्हणून कुणी हा प्रयोग करू नये. टीबीच्या डोसात ते भ्रम आणि नैराश्यही आणू शकतं.

म्हणजे आजवर टिकून राहिली ती साधी जोडी: एसएसआरआय गोळी आणि ईआरपी. गोळीला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात आणि डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो. आपल्याकडे तिसऱ्या आठवड्यात 'फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलला जातो, हे मोठं नुकसान.

२०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के निघालं. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ मध्ये ७९ लाख लोक होते. त्यातले निम्मेच प्रौढ धरले तरी संख्या तीस हजारांवर जाते. गोळी तालुक्याच्या मेडिकलवर मिळते. बाकाला हात लावताना शेजारी बसणारा प्रशिक्षित माणूस मात्र शोधावा लागतो. म्हणून डॉक्टरांना 'ईआरपी कोण देतं?' हे थेट विचारा, चालू गोळी मनाने बंद करू नका, आणि काहीच सुचेना तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.