परवानगीदर्शक साहाय्यक क्रियापदे, इंग्रजीतील : सोलापूरच्या भाषाव्यवहारात

परवानगी मागण्यासाठी आणि देण्यासाठी इंग्रजीत ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’ आणि क्वचित ‘माइट’ ही साहाय्यक क्रियापदे वापरतात. त्यांच्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपात येते, मध्ये ‘टु’ लागत नाही. कर्ता ‘ही’ असो वा ‘दे’, रूप बदलत नाही. प्रश्नात हे क्रियापद कर्त्याच्या आधी जाते : ‘मे आय सिट हिअर?’ रचना एवढीच. कठीण आहे ते कोणापुढे कोणते वापरायचे हे, आणि सोलापुरात त्यात घरच्या भाषेचाही वाटा असतो.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २०००-०१ पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. वर्गाच्या दारात उभे राहून म्हटलेले ‘मे आय कम इन?’ हे मुलांच्या तोंडी सर्वांत आधी बसणाऱ्या वाक्यांपैकी एक. ते ‘मेआयकमिन’ असे एका दमात उच्चारले जाते. त्यातला ‘मे’ सुटा होऊन दुसऱ्या वाक्यात जाऊ शकतो, हे पुष्कळ मुलांच्या लक्षात फार उशिरा येते.

‘कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी’ हा नियम शिकवणीपासून महाविद्यालयापर्यंत घोकून घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या इंग्रजीत ‘कॅन’च्या पूर्वरूपाचा अर्थ ‘जाणणे’ होता आणि ‘मे’च्या पूर्वरूपाचा ‘बळ असणे, समर्थ असणे’. म्हणजे आज परवानगीचा मानला जाणारा ‘मे’ हाही मुळात सामर्थ्याचाच शब्द. आजच्या बोलण्यात ‘कॅन आय?’ पूर्णपणे रूढ आहे, ‘कुड आय?’ अधिक अदबीचे आणि ‘मे आय?’ औपचारिक. ‘माइट आय?’ फार जुन्या वळणाचे वाटते. मित्राची सायकल मागताना ‘कॅन आय’ म्हणणाऱ्या मुलाला चूक ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मराठीत हे काम बहुधा क्रियापदाचे ‘-ऊ’ रूपच करते : बसू का? जाऊ का? घेऊ का? ‘मी बसू शकतो का?’ ही रचना हल्ली ऐकू येते, पण घरातले माणूस तसे बोलत नाही. परवानगी देताना ‘देणे’ मदतीला येते (‘जाऊ द्या त्याला’) किंवा नुसता ‘चालेल’ पुरतो. सोलापूरकडे तर ‘बसू का?’ला ‘बसा की!’ असे उत्तर मिळते. त्या ‘की’मध्ये ‘विचारायचं काय त्यात’ हा सगळा आपलेपणा असतो. इंग्रजीत तो भाव साहाय्यक क्रियापद एकटे पेलत नाही. ‘ऑफ कोर्स’, ‘शुअर’, ‘गो अहेड’ असे शब्द जोडावे लागतात. नुसते ‘यू मे सिट’ म्हटले तर साहेबाने खुर्ची दाखवल्यासारखे वाटते. निरोपाचा ‘येऊ का?’ हा आणखी एक पेच. मराठी माणूस निघताना ‘येऊ का?’ विचारतो आणि यजमान ‘या’ म्हणतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर अर्थ नेमका उलटा होतो. तिथे ‘मे आय लीव्ह?’च हवे.

सोलापुरात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड घरोघरी बोलल्या जातात. शहराच्या पूर्व भागात विणकामाच्या निमित्ताने आलेला पद्मशाली समाज तेलुगूभाषक आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नडचे वजन मोठे. या दोन्ही भाषांत एकच प्रत्यय परवानगी आणि शक्यता दोन्ही सांगतो. तेलुगूत ‘रावच्चा?’ म्हणजे ‘येऊ का?’, आणि ‘वान रावच्चु’ म्हणजे ‘पाऊस येईल कदाचित’. कन्नडमध्ये ‘बरबहुदा?’ आणि ‘मळे बरबहुदु’ ही तशीच जोडी. इंग्रजी ‘मे’ हुबेहूब असाच वागतो : ‘मे आय कम इन?’ आणि ‘इट मे रेन’. मराठीत मात्र ‘येऊ का?’ आणि ‘येईल कदाचित’ यांची रूपे वेगळी, म्हणून फक्त मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘मे’चे दोन अर्थ दोनदा शिकावे लागतात. शेजारच्या बाकावरील तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलापाशी ती जोडणी आधीच तयार असते. शिक्षकाने ‘रावच्चु’ फळ्यावर लिहून दाखवले, तर हा धडा निम्म्या वेळात होईल.

नेहमीच्या चुका थोड्याच आहेत. ‘मे यू गिव्ह मी अ पेन?’ चूक, कारण परवानगीचा ‘मे’ प्रश्नात स्वतःच्या कृतीसाठी येतो. दुसऱ्याला काम सांगायचे तर ‘कॅन यू’, ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’. ‘कुड आय?’ असे विचारले तरी होकार ‘यस, यू कॅन’ असाच. परवानगी देताना ‘यू कुड’ चालत नाही. मनाईसाठी रोजच्या बोलण्यात ‘यू कान्ट’ म्हणतात. ‘यू मे नॉट’ कडक, पाटीवरच्या भाषेसारखे लागते.

भूतकाळात भेद बारीक होतो. लहानपणी दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला जायची मोकळीक होती, हे ‘आय कुड गो’ने सांगता येते. पण एका ठरावीक रात्री घरून परवानगी मिळाली आणि यात्रेच्या होम मैदानावर गेलो, हे सांगायला ‘आय वॉज अलाउड टु गो’ लागते. नकारात हा भेद उरत नाही : त्या एका रात्री घरच्यांनी सोडले नसेल, तर ‘आय कुडन्ट गो’ बरोबरच आहे.