मैदानावर पहिल्यांदा जाताना: गोल्फमधले कामाचे शब्द

आमच्याकडे नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी

गोल्फच्या शब्दांच्या याद्या भरपूर मिळतात. त्या पाठ करून आलेला माणूस अल्बाट्रॉस म्हणजे काय ते धडाधड सांगतो, पण चेंडू पांढऱ्या खांबांकडे वळला की आता काय बोलायचं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून या पत्रकाचा क्रम वेगळा ठेवला आहे. जो शब्द माहीत नसल्यामुळे कुणाला इजा होते किंवा तुमचे फटके वाया जातात, तो आधी आणि सविस्तर. मिरवायचे शब्द शेवटी.

पहिला शब्द: फोर

चेंडू माणसांच्या दिशेने जातोय असं वाटलं की पूर्ण ताकदीने "फोर!" असं ओरडायचं. लाजायचं नाही, वाट पाहायची नाही. दुसऱ्या कुणाचा "फोर" कानावर आला, तर डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं. क्रिकेटची सवय असलेली माणसं हा शब्द ऐकून चेंडू कुठे चाललाय ते बघायला मान वर करतात. नेमकं तेच करायचं नाही. गोल्फचा चेंडू 45.93 ग्रॅमपर्यंत वजनाचा असतो आणि चांगलाच कडक असतो.

जमिनीची नावं

होल म्हणजे चेंडू ज्यात जातो ते भोक, आणि सुरुवातीच्या जागेपासून त्या भोकापर्यंतचा सगळा पट्टाही होलच. संदर्भाने कळतं. पूर्ण मैदानावर असे 18 पट्टे असतात. भोकाचा व्यास मात्र जगात कुठेही गेलात तरी 108 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच.

सुरुवात टीइंग एरियातून होते. तिथे दोन खुणा मांडलेल्या असतात. चेंडू त्या खुणांच्या पुढे ठेवायचा नाही, मागे दोन क्लबच्या (क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी) लांबीइतक्या जागेत कुठेही चालतो. चेंडू ज्या छोट्या खुंटीवर ठेवतात ती टी. पुढे नीट कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, त्याच्या कडेचं वाढलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचा खड्डा म्हणजे बंकर आणि भोकाभोवतीची गालिच्यासारखी हिरवळ म्हणजे ग्रीन. ग्रीनच्या कडेची जराशी उंच गवताची किनार म्हणजे फ्रिंज. चेंडू जिथे आणि जसा येऊन थांबला त्या स्थितीला लाय म्हणतात. "लाय वाईट आहे" म्हणजे चेंडू गवतात रुतलाय किंवा खळग्यात बसलाय.

बंकरमध्ये एक गोष्ट नवख्यांना हमखास नडते. फटक्याआधी सराव म्हणून क्लब फिरवताना वाळूला लागला, किंवा चेंडूच्या लगेच मागे टेकवला, की दंड. क्लब हवेतच धरून उभं राहायचं. पसरलेली पानं, काड्या मात्र 2019 पासून उचलता येतात.

ग्रीनवर चेंडू उंचावरून पडला की जो खड्डा पडतो तो पिच मार्क. तो बुजवणं हे खेळणाऱ्याचंच काम. छोटा काटा खड्ड्याच्या कडेला खुपसून माती मध्याकडे ढकलायची आणि पटरच्या, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या क्लबच्या, तळाने हलकं दाबायचं. खालून उकरून माती वर काढली तर मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग उरतो. दुसऱ्याचा चेंडू आणि भोक यांच्यामधल्या रेषेवरही पाय ठेवायचा नाही.

पार आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे

प्रत्येक होलला पार ठरलेला असतो: 3, 4 किंवा 5. कसलेल्या खेळाडूला तो पट्टा संपवायला जितके फटके लागावेत तितका पार. यात ग्रीनवरचे दोन पट, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवायचे फटके, धरलेलेच असतात. म्हणजे पार-4 होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायचं आणि उरलेल्या दोनांत चेंडू भोकात. पूर्ण मैदानाचा पार बहुधा 72 च्या आसपास येतो.

पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, तीन कमी म्हणजे अल्बाट्रॉस. एक जास्त म्हणजे बोगी, दोन जास्त म्हणजे डबल बोगी. आमचं मत विचाराल तर पहिले काही महिने बोगी हाच तुमचा पार समजा. नवा माणूस पार-4 होल पाच फटक्यांत संपवतो तेव्हा तो चांगला खेळलेला असतो. खट्टू व्हायचं कारण नाही.

खांबांचे रंग आणि "प्रोव्हिजनल"

हा भाग दोनदा वाचा. स्कोरकार्डवरचे सर्वांत महागडे फटके इथे जातात.

पांढरे खांब म्हणजे मैदानाची हद्द. चेंडू पूर्णपणे त्यांच्या पलीकडे गेला तर तो आउट ऑफ बाउंड्स. मग एक दंडाचा फटका मोजायचा आणि आधीचा फटका जिथून मारला होता तिथूनच पुन्हा मारायचा. हरवलेल्या चेंडूलाही हाच नियम. शोधायला मिळतात तीन मिनिटं. जुने खेळाडू पाच सांगतील, पण ते 2019 च्या आधीचं.

समजा 380 यार्डांचा पार-4 होल आहे. तुमचा पहिला फटका उजवीकडे झुडपांत, पांढऱ्या खांबांच्या दिशेने गेला. हद्दीत आहे की बाहेर, दिसत नाही. अशा वेळी पुढे चालू लागण्याआधी बरोबरच्यांना ऐकू जाईल असं "प्रोव्हिजनल खेळतोय" म्हणायचं आणि तिथूनच दुसरा चेंडू मारायचा. "आणखी एक मारतो" एवढंच पुटपुटलात तर तो दुसरा चेंडूच खेळातला चेंडू ठरतो, मग पहिला झुडपाखाली सुखरूप सापडला तरी उपयोग नाही. प्रोव्हिजनल म्हटलं असेल तर हिशेब असा: पहिला चेंडू हद्दीत सापडला की प्रोव्हिजनल खिशात, आणि पुढचा फटका दुसरा. नाही सापडला तर एक फटका, एक दंड, आणि प्रोव्हिजनल हा तिसरा. पुढचा चौथा ग्रीनवर पडला, दोन पट लागले, तर सहा. डबल बोगी झाली खरी, पण मान खाली घालून टीपर्यंत परत चालत जाणं वाचलं. मागे खोळंबलेले लोकही मनातून आभार मानतात. काही मैदानांवर स्थानिक नियमाने दोन दंड घेऊन पुढेच चेंडू टाकायची सोय असते. सुरू करण्याआधी विचारून घ्या.

पिवळे आणि लाल खांब म्हणजे पेनल्टी एरिया, बहुधा पाणी. चेंडू खेळण्याजोगा असेल तर तिथूनच मारा, दंड नाही. नसेल तर एक दंड घेऊन बाहेर यायचं. लाल खांब असतील तर चेंडू जिथून आत शिरला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, भोकाच्या जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. पिवळ्याला ही बाजूची सवलत नाही, मागेच जावं लागतं. टाकायचा म्हणजे ड्रॉप, आणि तो गुडघ्याच्या उंचीवरून. चेंडू पाण्यात गेला हे नक्की असेल, तर तिथे प्रोव्हिजनल चालत नाही.

क्लब

पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात. तुम्हाला तेवढे लागत नाहीत. क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात, आणि सगळा खेळ त्याचाच आहे. ड्रायव्हरचा, म्हणजे टीवरून लांब मारायच्या क्लबचा, लॉफ्ट साधारण 9 ते 12 अंश; सँड वेजचा, म्हणजे वाळूतून चेंडू उंच काढायच्या क्लबचा, 56 च्या आसपास. आयर्नवरचा, म्हणजे पातळ धातूच्या पात्याच्या क्लबवरचा, आकडा वाढला की लॉफ्ट वाढतो, चेंडू उंच जातो आणि कमी अंतर कापतो. ड्रायव्हर, एखादा हायब्रिड (लांब आयर्नऐवजी वापरायचा क्लब), 7 आणि 9 नंबरचे आयर्न, दोन वेज आणि पटर एवढ्यावर पहिलं वर्ष मजेत निघतं. दुकानात पूर्ण संच खुणावतो, पण थांबा.

चेंडू वर उडावा म्हणून त्याला खालून उचलायला जाऊ नका. उचलायचं काम लॉफ्टचं. आयर्नने आधी चेंडू आणि मग जमीन लागली पाहिजे. त्यात गवताचा जो तुकडा उडतो तो डिव्हट, आणि तो जागेवर परत बसवायचा.

बिघडलेले फटके

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू जोरात उजवीकडे वळला तर स्लाइस, डावीकडे वळला तर हुक. तोच वळसा थोडा आणि मुद्दाम असेल तर अनुक्रमे फेड आणि ड्रॉ. नवख्यांचा आजार बहुतेक वेळा स्लाइस. क्लबचं तोंड त्याच्या फिरण्याच्या दिशेच्या मानाने उघडं राहतं, म्हणून. चेंडूआधी जमीन लागली तर फॅट, चेंडूच्या वरच्या भागाला लागून तो जमिनीवरून सरपटला तर टॉप. दांडा आणि पातं जुळतात तिथे चेंडू लागून तो काटकोनात पळाला तर शँक. या शेवटच्या शब्दाचा मैदानावर उच्चारही नको, असं मानणारे बरेच आहेत.

हँडिकॅप

याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज असतात. हँडिकॅप म्हणजे तुमच्या एकूण फटक्यांतून मिळणारी सवलत, तुमची सरासरी नव्हे. 2020 पासून चालू असलेल्या जागतिक पद्धतीत तुमच्या शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम 8 फेऱ्यांवरून तो काढतात. म्हणजे तो तुमचा चांगला दिवस सांगतो. रोज तितकं जमलं नाही तर त्यात काही चुकलेलं नसतं. कमाल मर्यादा 54, स्त्री-पुरुष दोघांनाही.

मैदान सोपं की अवघड, यानुसार तुमच्या या हँडिकॅप निर्देशांकावरून त्या मैदानापुरता कोर्स हँडिकॅप निघतो. तो 24 असेल आणि एकूण 98 फटके लागले, तर 98 हा ग्रॉस आणि 74 हा नेट स्कोर. स्कोरकार्डवर 1 ते 18 असा स्ट्रोक इंडेक्सचा रकानाही असतो. सवलतीचे फटके कोणत्या होलवर मिळणार ते तो सांगतो. 24 वाल्याला प्रत्येक होलवर एक, आणि 1 ते 6 इंडेक्सच्या होलवर आणखी एक. हा रकाना पारचा समजून गोंधळणारे दर आठवड्याला भेटतात.

खेळायचे प्रकार, आणि उरलेलं

एकूण फटके मोजतात तो स्ट्रोक प्ले. होल जिंकत-हरत जातो तो मॅच प्ले. त्यात "3 अँड 2" म्हणजे दोन होल शिल्लक असताना तीनची आघाडी, सामना संपला. स्टेबलफोर्डमध्ये गुण मिळतात: नेट बोगीला 1, पारला 2, बर्डीला 3. एखादा होल पूर्ण विस्कटला तरी शून्यापलीकडे नुकसान नाही, चेंडू उचलून पुढे जायचं. नवख्यांना आम्ही हाच प्रकार सुचवतो.

गिमी म्हणजे समोरच्याने "आत गेला असं धर" म्हणून सोडून दिलेला छोटा पट. मॅच प्लेमध्ये तो नियमात बसतो, स्ट्रोक प्लेमध्ये नाही. मुलिगन, म्हणजे बिघडलेला फटका माफ करून पुन्हा मारणं, नियमात कुठेच नाही, मित्रांत मात्र सर्रास चालतं. मारायला कुणाची पाळी आधी याला ऑनर म्हणतात. हल्ली मात्र जो तयार असेल त्याने मारावं, याला रेडी गोल्फ म्हणतात आणि स्ट्रोक प्लेमध्ये नियमही तेच सुचवतात.

पहिल्या फेरीला येताना चेंडूंवर पेनने तुमची खूण करून आणा. झुडपात दोन सारखेच चेंडू सापडले आणि आपला कुठला ते सांगता आलं नाही, तर तो हरवलेलाच धरला जातो.