लाराबंगाची मशीद: सिमेंटने वास्तू पक्की होते, हा गैरसमज

घानाच्या उत्तर भागातलं लाराबंगा हे छोटं गाव तिथल्या पांढऱ्याशुभ्र मशिदीसाठी ओळखलं जातं. मातीची ही मशीद देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक आहे. तिच्याबद्दल बोलताना दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात: भिंतींतून बाहेर डोकावणारी लाकडं नुसती शोभेची आहेत, आणि मातीच्या वास्तूला सिमेंटचा गिलावा दिला की ती पक्की होते. दोन्ही चुकीच्या आहेत.

लाकडांचं आधी बघू. भिंतींना बाहेरून शंकूच्या आकाराचे जाड आधार दिलेले आहेत आणि आडवी लाकडं त्यांना एकत्र बांधून ठेवतात. या बांधणीत डागडुजीसाठी वर चढताना पाय ठेवायलाही अशीच लाकडं कामी येतात. शोभा आहेच, पण ती नंतरची.

सिमेंटचा गैरसमज मात्र महागात पडला. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडतेही. १९७० च्या दशकात दिलेल्या सिमेंटच्या थराने ही वाट बुजवली. ओल आत कोंडली, माती भुसभुशीत झाली, लाकडाला वाळवी लागली. वरून सगळं धडधाकट दिसत असल्यामुळे आतून पोखरलं जातंय हे कळणं अवघड, आणि मला तरी यातला हाच सर्वांत घातक भाग वाटतो. २००२ मध्ये वादळात मनोरा कोसळला. त्यानंतर वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मदतीने दुरुस्ती झाली, तेव्हा सिमेंट खरवडून काढलं, कुजलेली लाकडं बदलली आणि भिंतींना पुन्हा मातीचाच लेप दिला.