प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आणि फुफ्फुसांचे संधिसाधू संसर्ग

निरोगी माणसाला सहसा न बाधणारे किंवा शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडून असलेले जंतू प्रतिकारशक्ती क्षीण होताच जे आजार निर्माण करतात, त्यांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. अवयव प्रत्यारोपण, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), रक्तवाहिन्यांचा दाह, कर्करोग अशा अनेक स्थितींत प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. या रुग्णांत फुफ्फुसांना विशेष धोका असतो, कारण प्रत्येक श्वासाबरोबर हवेतील जंतू आणि बुरशीचे बीजाणू थेट वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात.

हा धोका केवळ औषधाच्या नावावरून ठरत नाही. औषधाचा डोस, ते किती काळ चालले, त्याच्या जोडीला दुसरे कोणते औषध आहे, शरीरात आधीपासून कोणता जंतू दडलेला आहे आणि मूळची फुफ्फुसे कितपत धडधाकट आहेत, या सर्वांची बेरीज म्हणजे रुग्णाची खरी जोखीम होय. स्टेरॉइडच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दररोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेत चार आठवडे वा जास्त काळ चालले आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइडसारखे औषध किंवा प्रतिकारशक्ती घटण्याचे दुसरे कारण असले, की न्यूमोसिस्टिस यिरोवेसी या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका लक्षणीय वाढतो; अशा वेळी को-ट्रायमॉक्साझोल हे औषध प्रतिबंधासाठी देण्याची पद्धत आहे. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची घटलेली संख्या ही या धोक्याची महत्त्वाची खूण असते. विशेष म्हणजे हा न्यूमोनिया पुष्कळदा स्टेरॉइडचा डोस उतरवत असताना उघडकीस येतो, म्हणजे रुग्ण आणि नातेवाईक दोघांनाही कठीण काळ सरला असे वाटू लागलेले असते तेव्हा.

क्षयरोगाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे जंतू बाहेरून नव्याने यावाच लागतो असे नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी क्षयजंतूंचा संसर्ग झालेला असावा, असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट पेशी त्या जंतूंभोवती दाट कडे करून त्यांना कोंडून ठेवतात. या गाठीला कणार्बुद म्हणतात आणि तिची बांधणी टिकवण्यासाठी टीएनएफ हे प्रथिन लागते. संधिवात आणि आतड्यांच्या दाहावर वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध नेमके हेच प्रथिन निकामी करते; त्यामुळे गाठीची भिंत ढासळते आणि कोंडलेले जंतू मोकळे होतात. म्हणूनच असे औषध सुरू करण्यापूर्वी मांटू चाचणी किंवा रक्तावरील इंटरफेरॉन-गॅमा चाचणी आणि छातीचा एक्स-रे करणे अत्यावश्यक मानले जाते. मात्र रुग्ण आधीच स्टेरॉइड घेत असेल, तर या चाचण्या खोटा दिलासा देऊ शकतात. तेव्हा पूर्वी क्षयरुग्णाचा सहवास घडला होता का, हा साधा प्रश्न चाचणीइतकाच मोलाचा ठरतो.

रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडांसाठी लागणाऱ्या बी-पेशी नष्ट करते. शेवटच्या मात्रेनंतर त्या पेशी परत येण्यास साधारण सहा महिने ते वर्ष लागते, त्यामुळे सध्या कोणती औषधे चालू आहेत एवढे विचारून भागत नाही. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या एका मायक्रोलिटरला ५०० च्या खाली जाऊन दहा दिवसांहून अधिक काळ तशीच राहिली, तर ॲस्परजिलस बुरशीचा धोका वाढतो.

प्रत्यारोपणानंतर पहिल्या महिन्यात शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाशी निगडित संसर्ग अधिक दिसतात, तर एक ते सहा महिन्यांच्या काळात संधिसाधू जंतूंचा जोर असतो. दात्याला सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग होऊन गेलेला आहे आणि ग्राहकाला कधीच झालेला नाही, ही जोडी त्या विषाणूच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची असते. फुफ्फुस प्रत्यारोपणात नवा अवयव थेट बाहेरच्या हवेच्या संपर्कात असतो; शिवाय त्याच्या मज्जातंतूंची जोडणी तुटल्याने खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते.

उतारवय, मूत्रपिंडविकार, कुपोषण आणि धूम्रपान यांनी जोखीम वाढते. अनियंत्रित मधुमेह म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला वाट करून देतो. फुफ्फुसे आधीच तंतुमय झालेली किंवा श्वासनलिका रुंदावलेल्या असतील, तर साचलेला स्राव नीट बाहेर पडत नाही. परिसराचाही वाटा असतो: बांधकामाच्या धुळीतून ॲस्परजिलसचे बीजाणू, मातीतून नोकार्डिया जीवाणू, पक्ष्यांच्या विष्ठेतून क्रिप्टोकॉकस बुरशी आणि इमारतींच्या दूषित पाणीव्यवस्थेतून लिजिओनेला जीवाणू फुफ्फुसांत शिरू शकतात.

निदानास होणारा विलंब हा स्वतंत्र जोखीम घटकच मानायला हवा. स्टेरॉइडमुळे ताप दबतो आणि सुरुवातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. न्यूमोसिस्टिसच्या रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण बसलेले असताना ठीक भरते, पण त्याला थोडे चालवून पुन्हा मोजले तर ते घसरलेले आढळू शकते. सीटी स्कॅनमध्ये तेव्हा धुरकट काचेसारखे भाग दिसू लागतात. एचआयव्ही नसलेल्या अशा रुग्णांच्या फुफ्फुसांत बुरशीची संख्या कमी आणि दाह अधिक असतो, म्हणून थुंकीच्या तपासणीत ती अनेकदा सापडत नाही आणि दुर्बिणीद्वारे वायुकोश धुऊन घेतलेल्या द्रवाची तपासणी करावी लागते.